तांसिलूचं कुंपण

आक्बुलाक गावातल्या बायका तांसिलूबद्दल बोलायला लागल्या, की आधी तिच्या चहाबद्दल बोलतात, मग तिच्या हट्टाबद्दल, आणि कपबश्या पालथ्या घालायची वेळ आली की कुंपणाबद्दल. आपणही चहापासूनच सुरुवात करू.

चहा असा, की कपाला नाक लावलं की भर हिवाळ्यात जुलै महिना आठवावा. त्यात रानस्ट्रॉबेरीची वाळलेली पानं असत, आणि मात्रुश्का. मात्रुश्का म्हणजे जांभळट फुलांचं, हातावर चोळलं की ओव्यासारखा वास सोडणारं झुडूप. हे सगळं आक्ताशवरचं. आक्ताश हा गावामागचा उतार. आतून सगळा पांढरा चुनखडीचा दगड, वर माती वीतभर. बर्फ वितळतं ते आधी तिथलं. पाइनची झाडं आहेत, पण सासऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या सुनांसारखी, एकमेकींपासून अंतर राखून. त्यामुळे ऊन थेट जमिनीपर्यंत पोचतं, आणि जमिनीला काय उगवू नि काय नको असं होऊन जातं. डोंगराच्या पाठीमागेही तेच पाइन, पण दाटीवाटीनं उभे. खाली शेवाळ आणि काळोख. तिकडे कुणी चहा प्यायला जात नाही.

आक्ताशवर मात्र जातात. वसंतात कोकिळेची पहिली हाक आली, की गावातल्या बायका हातातलं काम टाकून समोवार, म्हणजे चहाचं पाणी उकळायचं तोटीचं भांडं, उचलतात आणि उतारावर जाऊन बसतात. पुरुषांना बोलावणं नसतं. याला कोकिळेचा चहा म्हणतात.

तांसिलू लग्न होऊन आली ती खालच्या मैदानी मुलखातून. झाडं तिनं पाहिली होती ती रस्त्याच्या कडेची. पहिल्याच वसंतात सासूनं तिला कणकेच्या परातीवरून उठवलं, "ऐकलंस? ऊठ, डोक्याला रुमाल बांध." वर पोचली तर समोवारपाशी मोठी जाऊ खातिमा बसलेली. खातिमाची जीभ पंचक्रोशीत प्रसिद्ध.

"ये गं किलेन," खातिमा म्हणाली. किलेन म्हणजे नवी सून. "तुम्ही मैदानातली माणसं चहात काय घालता? धूळ?"

"साखर घालतो, आपा," तांसिलू म्हणाली. "इथे घालत नाहीत, ते तुमच्या बोलण्यावरून कळलंच."

बायका हसल्या. खातिमानं तिच्याकडे नीट पाहून घेतलं, आणि पहिला कप तिच्यापुढे सरकवला. तेव्हापासून दोघींचं जमलं. म्हणजे रोज भांडण, आणि एकीला ताप आला की दुसरीची झोप उडायची.

त्याच संध्याकाळी तिचा नवरा यूलामान तिला पुन्हा उतारावर घेऊन गेला. एका म्हाताऱ्या पाइनपाशी थांबला. खोडाच्या सालीवर कुऱ्हाडीनं कोरलेली खूण होती, पक्ष्याच्या पावलासारखे तीन फराटे. घराण्याची खूण. वर, चार माणसांच्या उंचीवर, त्याच्या आजोबांनी खोड कोरून ढोली केलेली, आणि ढोलीत रानमाश्यांचं बिऱ्हाड.

"कान लाव."

"कशाला?"

"लाव तर."

वारा पडला होता. साल उन्हानं अजून कोमट होती. तांसिलूनं कान लावला, आणि झाडाच्या पोटातून, फार लांबून यावा तसा, एक जाड गुणगुणाट आला.

"कोण आहे आत?"

"भाडेकरू," यूलामान म्हणाला. "आजोबांच्या वेळेपासूनचे. भाडं मधात देतात."

घर एक, छप्पर एक, मधे लाकडी भिंत. एका दारानं थोरला भाऊ आणि खातिमा, दुसऱ्या दारानं यूलामान आणि तांसिलू. यूलामान घोरायचा. असा की भिंतीवरची चाळणी थरथरायची. मग पलीकडून खातिमा भिंतीवर मूठ आपटायची, "तांसिलू, कूस बदलायला सांग त्याला. आमच्या घरात मोहोळ बसलंय असं वाटतंय." तांसिलू नवऱ्याला कोपरानं ढोसायची. थोडा वेळ शांतता. मग पुन्हा सुरू.

वर्षं अशीच गेली. आता ती वर्षं आठवली की तांसिलूला माणसांआधी उतार आठवतो. वसंतात बर्फाच्या कडेनं उगवणारी पिवळी प्रिम्युला, गुलाबी उमलून निळी होत जाणारी रानवाटाण्याची फुलं, पांढरी स्ट्रॉबेरी. पुढे कोकिळेचे बूट, म्हणजे पिवळ्या पिशवीसारखं एक ऑर्किड. ते दिसलं की बायका एकमेकींना खुणेनं दाखवायच्या, तोडायच्या नाहीत. जुलैत मात्रुश्का. बायका टोपल्या घेऊन यायच्या, बसायच्या, गुडघ्यांखाली निम्मं चिरडायच्या, निम्मं खुडायच्या. मग मात्रुश्काचं बी गळालं की पुरुष लांब दांड्याचे विळे घेऊन गवत कापायचे. आणि अगदी शेवटी, शरदात, गावातल्या गायी सुटायच्या. त्या उरलंसुरलं खायच्या, खुरांनी माती उकरायच्या, पाइनच्या खोडांना पाठी घासायच्या. यूलामान त्यांच्यावर ओरडायचा, पण हाकलायचा नाही.

ज्या वर्षी सामूहिक शेती मोडली आणि दुकानात मिठासाठीही रांग लागू लागली, त्या हिवाळ्यात यूलामान गेला. झोपेतच. घोरणं थांबलं म्हणून तांसिलूला जाग आली.

लेक शहरातून आली, चाळिसाव्या दिवसापर्यंत राहिली, आईला "माझ्याकडे चल" म्हणाली. आई नाही म्हणाली. लेक गेली. वसंत आला, कोकीळ ओरडली, बायका समोवार घेऊन वर गेल्या. तांसिलूही गेली. खातिमाची तांबडी गाय कशी कोण जाणे, दावं तोडून मागोमाग आली, आणि सरळ जाऊन यूलामानच्या पाइनला पाठ घासू लागली. सालीचा एक तुकडा निघाला. नेमका खुणेजवळचा. पक्ष्याच्या पावलाचं एक बोट गेलं.

तांसिलू उठली ती कप हातात तसाच धरून.

"आपा, तुमच्या गायीला आवरा."

"अगं, खाजलं, घासलं. तिला काय कळतंय?"

"घरी घास म्हणावं. तुमच्या भिंतीला."

"भिंतीला काय घासू देऊ? त्यापेक्षा इथे..."

"हे त्याचं झाड आहे." तांसिलूचा आवाज चढला नव्हता. "त्यानं जसं ठेवलंय तसंच राहील. उद्यापासून या उतारावर कुणी यायचं नाही. गाय नाही, विळा नाही, टोपली नाही. हा समोवारही नाही."

"मग कोकिळेलाही कळवतेस का," खातिमा म्हणाली, "की दुसरीकडे ओरड म्हणून?"

कुणी हसलं नाही.

जमीन सरकारची होती. यूलामानचं काय ते झाड. पण विधवेच्या शब्दापुढे कोण जाणार? तांसिलूनं स्वतः आडव्या बल्ल्या बांधून उताराला कुंपण घातलं. एक फाटक ठेवलं, स्वतःपुरतं. गावानं कुंपण मानलं. कोकिळेचा चहा नदीकाठी होऊ लागला, आणि त्यात डास पडू लागले.

दोघी जावा एका छपराखाली राहून एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. म्हणजे थेट बोलेनाशा. झऱ्यावर गाठ पडली की खातिमा गायीला सांगायची, "चल गं, इकडून नको. पुढे राणीसाहेबांचं राज्य लागतं." तांसिलू आपल्या बादलीला सांगायची, "काही जणींची जीभ गेल्यावरच घर शांत होईल." गावातली म्हातारी माणसं माना हलवायची. भांडणाच्या घरी मधमाशी टिकत नाही, असं तिथं म्हणतात.

तांसिलू रोज वर जायची. फाटकातून आत, मोठ्या दगडाशी वळायचं, पडलेल्या खोडाला वळसा, आणि पाइनखाली बसायचं. बसल्या बसल्या हाताला येईल ते गवत उपटत राहायचं आणि यूलामानशी बोलायचं. पहिल्या उन्हाळ्यात फुलं अशी माजली की कमरेला लागली. बघ, ती झाडाला म्हणाली, तुझ्या उताराला हात लावू दिला नाही. पुढच्या वर्षी गवत जास्त होतं. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. कापणारं कुणी नाही, तेव्हा ते उभ्या उभ्या वाळायचं, बर्फाखाली झोपायचं, आणि त्यावर नवं यायचं, गोधडीवर गोधडी घालावी तसं. कडेनं अस्पेनची रोपं शिरली. तांसिलूला काही वेगळं वाटलं नाही. रोज बघणाऱ्याला मूल वाढलेलं कळत नाही. आणि ती जिथे पाय ठेवायची, जिथे बसायची, तिथे तर सगळं पूर्वीसारखंच होतं.

ढोलीचं काम आता इश्मुर्झा बघायचा. हा पलीकडच्या गावचा, यूलामानचा जोडीदार. दोघं आयुष्यभर एकमेकांचा दोर धरत आलेले. वर्षातून दोनदा यायचा, चामड्याच्या वेणीचा दोर खोडाभोवती टाकून चढायचा, माश्यांचा वाटा माश्यांना ठेवून थोडासा मध खाली पाठवायचा. दरवर्षी मध कमी. "हवा वाईट," तो म्हणायचा. गेल्या शरदात तर त्यानं काहीच काढलं नाही.

कुंपणाला सहा वर्षं होत आली तेव्हाच्या मे महिन्यात तो चढला. ढोलीची फळी काढली. तांसिलू खाली, मान वर करून उभी. त्याला ती अगाय म्हणायची, म्हणजे थोरला भाऊ.

"काय म्हणतात, अगाय?"

"काही म्हणत नाहीत."

"आहेत ना?"

"होत्या."

तांसिलूनं खोडावर हात ठेवला. "अस्वल आलं होतं?"

"अस्वल आलं असतं तर फळी राहिली असती का?" इश्मुर्झा ढोलीत हात घालून बोलत होता, त्यामुळे आवाज घुमत होता. "पोळ्याच्या घरांत डोकी खुपसून मेल्यात, किलेन. रिकाम्या घरांत. भुकेली माशी अशी मरते. शेवटचा थेंब चाटायला जाते."

"भुकेनं? खाली नदीवर लिंडनचं अख्खं रान आहे."

"लिंडन म्हणजे लग्नाचं जेवण. दोन आठवडे फुलतो, तेवढ्याच पंगती. लग्नाच्या जेवणावर वर्ष निघतं का? एप्रिल-मेत काय खायचं? ऑगस्टात काय खायचं? ते या उतारावर असायचं."

"आहेच की. अगाय, इथे सहा वर्षं कुणी पानाला हात लावलेला नाही."

इश्मुर्झा दोरावर पाठ टाकून, खुर्चीत बसल्यासारखा, उताराकडे बघत होता. बराच वेळ.

"तू रोज सरळ येत नाहीस," तो शेवटी म्हणाला. "त्या मोठ्या दगडाशी वळतेस. मग पडलेल्या खोडाला वळसा घालतेस."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"दिसतंय. इथून सगळं गवतच गवत, वाळलेलं. आणि त्यात एक रेघ आहे, तुझ्या पावलाएवढी. पिवळी, निळी, पांढरी. फाटकापासून निघते आणि इथे झाडाशी येऊन गोल होते." तो थांबला. "तुझी पायवाट फुललीये, किलेन. बाकी काही नाही."

तांसिलूनं खाली पाहिलं. तिच्या बुटांभोवती स्ट्रॉबेरीची फुलं होती, जिथे ती रोज गवत उपटत बसायची तेवढ्या गोलात. ती वाटेवरून दोन पावलं बाजूला गेली. गुडघ्यांवर बसली. वाळक्या गवतात हात घातला तर कोपरापर्यंत गेला. खाली ओल होती, कुबट वास होता. बोटांना एक कोंब लागला. तिनं गवत फाकून पाहिला. मात्रुश्काचा होता. तळघरातल्या बटाट्याच्या कोंबासारखा पांढराफटक, उजेड शोधत आडवा गेलेला.

इश्मुर्झा खाली उतरला, दोर गुंडाळू लागला.

"तुम्हाला आधीच कळलं होतं?" तिनं विचारलं.

"मी झाडावरचा माणूस. खालचं मला काय कळतं?" त्यानं तिच्याकडे न बघता म्हटलं. "ढोली साफ करून ठेवलीये. एखादा थवा आला तर बघेल आत. पण आसपास खायला नसेल तर राहणार नाही. दोन उन्हाळे रिकामी राहिली तर लाकडाला बुरशी धरेल. मग ढोली संपली. नुसतं झाड."

"म्हणजे मला खातिमाआपाकडे जावं लागेल."

"गाय तिची आहे."

"कुठल्या तोंडानं जाऊ?"

"तुझ्याकडे एकच आहे. तेच घेऊन जा."

जाताना तांसिलूनं कुंपणाची एक बल्ली सोडली. ती ओढत ओढत खाली आणली आणि खातिमाच्या दारापुढे टाकली. खातिमा गोठ्यात दूध काढत होती. तिनं मान वळवली नाही.

"बघ गं," ती गायीला म्हणाली, "राणीसाहेब सरपण घेऊन आल्यात."

तांसिलू गायीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. तांबडी आता म्हातारी झाली होती. तीही गायीलाच म्हणाली, "तिला सांग, माझं चुकलं."

दुधाची धार चालूच राहिली. "ती म्हणते, मला ऐकू आलं नाही."

"तिला सांग, माश्या मेल्या. त्याच्या माश्या भुकेनं मेल्या, आणि मी राखण करत होते."

धार थांबली.

"सगळ्या?" खातिमानं विचारलं. हे गायीला नव्हतं.

"सगळ्या. आपा, गाय घेऊन या वर. विळा घेऊन या, बायकांना आणा. तुडवा काय तुडवायचं ते."

"आणि झाडाला घासली तर?"

"घासू दे. त्याची पाठ खाजवायला आता दुसरं कोण आहे?"

खातिमा बादली घेऊन उठली. गुडघे धरून, कण्हत. तिचा नवरा तर यूलामानच्याही आधी गेलेला.

"यूलामान गेला त्या रात्री," ती म्हणाली, "मलाही जाग आली होती. भिंतीपलीकडचा आवाज बंद झाला म्हणून. मला वाटलं, तू कूस बदलायला लावलीस." तिनं रुमालाच्या टोकानं नाक पुसलं. "एवढी वर्षं त्या भिंतीवर मुठी आपटल्या. माझं काही गेलंच नव्हतं असं वागलीस तू. कुंपण घातलंस ते मला बाहेर ठेवून."

तांसिलूनं बादलीची दुसरी बाजू धरली.

"गाय आत्ता नाही," खातिमा चालता चालता म्हणाली. "आत्ता गाय सोडलीस तर जे चार कोंब आहेत तेही खाईल. आधी दाताळ्यांनी जुनं गवत ओढून काढायचं. विळा ऑगस्टात. गाय सगळ्यांच्या शेवटी. मैदानातली ती मैदानातलीच राहिलीस बघ."

दुसऱ्या दिवशी गावातल्या बायका दाताळी घेऊन उतारावर आल्या. कुंपणाच्या बल्ल्या वाटून घेतल्या, चुलीला बऱ्या म्हणून. गवताच्या गोधड्या थरावर थर निघू लागल्या. खालून मोकळी माती दिसली आणि पांढऱ्या दगडाचे कपचे. बायका शिव्या देत होत्या, गवताला आणि थोड्या तांसिलूला, आणि तांसिलू खाली मान घालून सगळं घेत होती. मधेच कुणीतरी "श्श" केलं. दाताळी थांबली.

कुक-कू. पलीकडच्या डोंगरधारेवरून. पुन्हा, कुक-कू.

समोवार आणायला दोघी खाली पळाल्या. कुणी बाउरसाक आणले, कणकेचे तळलेले गोळे, कुणी लोणी. चहात घालायला आक्ताशवरचं काही कुणाकडेच नव्हतं. त्या वर्षीचा चहा नुसता चहा होता, काळा, दुकानातला. खातिमानं पहिला कप तांसिलूपुढे सरकवला.

"साखर घाल," ती म्हणाली. "तुला लागते."

त्या उन्हाळ्यात काही झालं नाही. उघड्या मातीत आधी खाजरी नि काटेरी रोपं आली. ढोली रिकामीच राहिली. ऑगस्टात विळे फिरले, शरदात गायी फिरल्या. दुसऱ्या वसंतात पायवाटेच्या दोन्ही काठांनी प्रिम्युला उतरू लागली, आधी हातभर, मग आणखी थोडी. जूनमध्ये स्ट्रॉबेरीनं मोठा दगड गाठला. मात्रुश्काचे कोंब आता हिरवे होते. कोकिळेचे बूट दिसले नाहीत. ते इतक्या लवकर येत नसतात, आणि त्याबद्दल कुणी बोललंही नाही. जुलै लागता लागता एके दिवशी तांसिलू फाटक होतं तिथून निघाली आणि मधेच थांबली. आपली वाट कुठली, ते तिला ओळखू येईना. सगळीकडेच फुलं होती.

इश्मुर्झानं दिलेल्या मुदतीतला हा दुसरा उन्हाळा होता. तांसिलू रोज संध्याकाळी खोडाला कान लावायची, आणि रोज झाड गप्प असायचं.

लिंडन फुलला त्या आठवड्यात खातिमा काठी टेकत टेकत तिच्याबरोबर वर आली. टोपली आणली होती, पण खुडण्यापेक्षा तिचं धापा टाकणंच जास्त चाललं होतं. तांबडी गाय तिच्या मागोमाग आली होती. तिला कुणी हाकललं नाही. वारा पडला होता. तांसिलूनं सवयीनं सालीला कान लावला, आणि तशीच राहिली.

"काय झालं?" खातिमा म्हणाली. "अगं, काय झालं?"

तांसिलूनं हातानं तिला जवळ ओढलं. खातिमानं डोक्यावरचा रुमाल मागे सारला, गाल सालीला टेकवला, अगदी त्या उडालेल्या खुणेजवळ, आणि डोळे मिटले. बराच वेळ दोघी तशाच उभ्या होत्या, झाडाच्या दोन बाजूंना, मधे खोड.

"घोरतोय," खातिमा म्हणाली. "कूस बदलायला सांग त्याला."